उरलेल्या लिपस्टिकचा बाम रवाळ होतो, तेल सोडतो, रंग तळाला बसतो: कारणं आणि उपाय

नळीच्या तळाशी अडकलेली लिपस्टिक काडीने उकरून काढायची, मेण-तेलात वितळवायची आणि डबीत ओतायची. कृती एवढीच, तरी ती सारखी बिघडते. पहिल्या दिवशी गुळगुळीत असलेला बाम आठवड्याभरात कणीदार होतो. एप्रिल लागला की वर तेलाचे थेंब जमतात. डबीत गर्द मरून दिसणारा रंग ओठांवर उमटतच नाही. मग कुणी सांगतं मेण वाढवा, कुणी सांगतं तेल वाढवा. एखाद्या वेळी त्याने जमतं, पुढच्या वेळी तोच उपाय करून आणखी बिघडतं.

याचं कारण असं की लिपस्टिककडे आपण रंग म्हणून पाहतो. खरं तर ती स्वतःच एक पूर्ण झालेलं मिश्रण आहे. तिच्यात मेण असतं: कार्नौबा, कॅन्डेलिला, मधमाशीचं मेण किंवा ओझोकेराइटसारखं खनिज मेण. तेल असतं, आणि पारंपरिक कांडीत ते बहुधा एरंडेल असतं. वर रंगद्रव्य आणि सुगंध. वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा तर मेणच असतं. म्हणजे बामच्या ठरलेल्या कृतीत लिपस्टिक टाकली की त्या कृतीचं प्रमाण तिथेच बदलतं. किती बदललं, ते टाकलेल्या तुकड्यांच्या वजनावर अवलंबून असतं. म्हणून आधी वजन करा. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा हल्ली स्वस्तात मिळतो, आणि या छंदात दुसरं काही विकत घेण्याआधी तो घ्यावा असं माझं ठाम मत आहे. चमच्याच्या मापाने केलेला बाम चांगला झाला तरी तसाच पुन्हा करता येत नाही.

आधी कण ओळखा

बाम रवाळ झालाय एवढ्यावर उपाय सुचवता येत नाही, कारण कण चार प्रकारचे असतात आणि चारहींचे उपाय वेगळे आहेत. एक कण काढून अंगठा आणि तर्जनीमध्ये दहा-पंधरा सेकंद चोळून पाहा.

विरघळून तेल झालं, तर तो घट्ट स्निग्धाचा कण आहे: शिया बटर, कोको बटर किंवा भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. कण विरघळत नाही, पण नखाने दाबला की चपटा होतो, तर ते नीट न वितळलेलं मेण. कण रबरासारखा ताणला जातो किंवा पापुद्रा होऊन बोटाला चिकटतो, तर तुम्ही लिक्विड मॅट लिपस्टिक घातली आहे. आणि चोळल्यावर एका जागी रंगाचा गडद फराटा उठला, तर ती रंगद्रव्याची गुठळी.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पहिला प्रकार, आणि तो समजायला मराठी घरात फार अवघड जाऊ नये. साजूक तूप कढवून तसंच ओट्यावर हळूहळू थिजू दिलं की छान रवाळ होतं, आणि तेच गरम तूप फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत थिजतं. बाममध्ये नेमकं हेच घडतं. स्निग्धात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे घटक असतात. सावकाश थंड होताना लवकर गोठणारे घटक एकत्र येतात, त्यांचे मोठे स्फटिक होतात आणि बाकीचं तेल त्यांच्या भोवती राहतं. झटकन थंड केलं तर मोठे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. तुपात तो रवा आपल्याला हवा असतो, ओठांवर नको असतो, एवढाच फरक.

त्यामुळे उपाय कृतीत बदल करण्याचा नाही, थंड करण्याच्या पद्धतीत आहे. रवाळ झालेला बाम टाकू नका. स्टीलच्या वाटीत काढा, ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पूर्ण वितळल्यावरही पंधरा-वीस मिनिटं तसाच गरम राहू द्या. मिश्रण 70 ते 75 अंश सेल्सिअसला असावं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाम वितळलेला दिसतो, पण जुन्या स्फटिकांचे बारीक अंश शिल्लक असतात आणि थंड होताना त्यांच्याभोवती पुन्हा रवा धरतो. नंतर वाटी खाली घ्या, कडेला किंचित दाट साय धरू लागेपर्यंत काडीने ढवळत राहा, डबीत ओता आणि डबी लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्यानंतर निदान एक दिवस ती खोलीच्या तापमानालाच, उन्हापासून दूर राहू द्या.

शिया बटर या बाबतीत सगळ्यात हट्टी आहे. उन्हात पर्स राहिली, बाम अर्धा वितळला आणि रात्री हळूहळू पुन्हा थिजला, की पहिल्यांदा कितीही नीट केलेलं असलं तरी रवा परत येतो. ज्यांना रोज लोकलने किंवा दुचाकीवर फिरावं लागतं त्यांनी शिया सरळ वगळावं.

न वितळलेल्या मेणाचं कारण साधं असतं. मधमाशीचं मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, कॅन्डेलिला 68 ते 73 आणि कार्नौबा 82 ते 86 अंशांना. तेलात असलं की मेण याहून थोडं आधी विरघळतं, पण कोमट पाण्यावर ठेवलेल्या वाटीत नाही. शिवाय आपण बऱ्याचदा आधी तेल, मग लिपस्टिक आणि शेवटी मेण घालतो. क्रम उलटा ठेवा. आधी किसलेलं मेण थोड्या तेलात पूर्ण पारदर्शक होऊ द्या, मग घट्ट स्निग्ध, मग लिपस्टिक, शेवटी उरलेलं तेल किंचित कोमट करून. थंड तेल एकदम ओतलं की वितळलेलं मेण तिथल्या तिथे गोठतं आणि त्याचे कण होतात.

रंगाच्या गुठळीवर उष्णता चालत नाही, कारण रंगद्रव्य वितळत नाही. लिपस्टिकचा तुकडा दोन-तीन थेंब एरंडेलाबरोबर काचेच्या ताटलीवर चपट्या सुरीने घोटा आणि एकजीव झाल्यावरच वाटीत घाला. मॅट कांडीच्या लिपस्टिकमध्ये भुकटीचं प्रमाण जास्त असतं, तिला हे घोटणं हवंच.

लिक्विड मॅट लिपस्टिक बाममध्ये चालत नाही

इथे मधला मार्ग नाही. दिवसभर टिकणाऱ्या लिक्विड लिपस्टिकमध्ये बहुधा आयसोडोडेकेनसारखं उडून जाणारं द्रावक आणि पापुद्रा धरणारं सिलिकॉन रेझिन असतं. ओठांवर लावल्यावर द्रावक उडतं आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो, हेच तिचं काम. गरम वाटीतही ती तेच करते, म्हणून रबरासारखे तुकडे होतात आणि ते पुन्हा कशातच विरघळत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: आयसोडोडेकेन ज्वालाग्राही आहे. गॅसच्या शेगडीजवळ ते गरम करू नका. बाम फक्त कांडीच्या लिपस्टिकचा करा.

वर जमणारे थेंब: तेल की पाणी?

टिश्यू पेपरचा तुकडा थेंबावर टेकवा आणि अर्धा तास ठेवून द्या. डाग वाळून गेला तर पाणी होतं, पारदर्शक डाग राहिला तर तेल.

पाणी असेल तर बहुधा डबी फ्रिजमधून काढून लगेच उघडली आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत थंड डबीवर बाष्प धरणारच. टिपून घ्या, आणि पुढच्या वेळी डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. हे पाणी तसंच राहू देऊ नका. बिनपाण्याच्या बाममध्ये जंतू सहसा वाढत नाहीत, पण वरच्या पाण्याच्या थरात वाढू शकतात.

तेल असेल तर दोन शक्यता. पहिली, मेण कमी पडलंय. मेणाचे स्फटिक जाळीसारखे तेल धरून ठेवतात, आणि जाळी विरळ असली की उष्णतेत तेल बाहेर येतं. दुसरी शक्यता फारशी कुणी सांगत नाही: एरंडेल आणि खनिज तेलाचं जमत नाही. घराघरांतली सगळ्यात सोपी कृती म्हणजे पेट्रोलियम जेलीत लिपस्टिक कालवणं. पेट्रोलियम जेली ही खनिज तेल-मेणाची. जुन्या पद्धतीची लिपस्टिक एरंडेलाची. गरम असताना दोन्ही एकत्र दिसतात, थंड झाल्यावर काही दिवसांत एरंडेल वेगळं होऊन वर येतं आणि बरोबर रंगाचेही ओघळ आणतं. अशा वेळी फक्त मेण वाढवून बाम दगडासारखा होतो, तेल सुटणं मात्र थांबत नाही.

लिपस्टिकच्या खोक्यावर घटकांची यादी असते. पहिल्या तीन-चारांत रिसिनस कम्युनिस सीड ऑइल असेल तर ते एरंडेल. तिच्यासाठी पेट्रोलियम जेली वापरू नका, एरंडेल आणि मेणाचाच पाया करा. यादीत खनिज तेल किंवा पॅराफिनम लिक्विडम वर असेल तर जेली चालेल. खोका फेकून दिला असेल तर मटाराएवढी जेली आणि तांदळाच्या दाण्याएवढी लिपस्टिक चमच्यात गरम करून कालवा आणि दोन दिवस झाकून ठेवा. चमच्याच्या कडेला तेल सुटलेलं दिसलं की उत्तर मिळालं.

प्रमाण

20 ग्रॅमचा घाणा धरू. हलका रंग हवा असेल तर लिपस्टिक 2 ग्रॅम, मधमाशीचं मेण 4 ग्रॅम, भिरंडेल किंवा कोको बटर 4 ग्रॅम आणि एरंडेल किंवा बदामतेल 10 ग्रॅम. गर्द रंगासाठी लिपस्टिक 10 ग्रॅम घेणार असाल तर मेण 4 ग्रॅम ठेवून चालणार नाही, कारण त्या 10 ग्रॅममध्ये दोन-अडीच ग्रॅम मेण आधीच आहे. मेण दीड ग्रॅमवर आणा, घट्ट स्निग्ध एक ग्रॅम आणि बाकी साडेसात ग्रॅम तेल. एकूण मेण पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहतं. हा हिशेब न केल्यामुळेच गर्द बाम ओठांवर ओढला जातो आणि लावताना चिरतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यासाठी वेगळं प्रमाण लागतं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि कोको बटर वितळतं 34 ते 38 अंशांना. म्हणजे तिथे घट्ट स्निग्धाचा घट्टपणा शून्य धरा आणि मेणावरच भिस्त ठेवा. वरच्या हलक्या रंगाच्या प्रमाणात स्निग्ध दोन ग्रॅमनी कमी करून मेण दीड ग्रॅम वाढवा, उरलेला अर्धा ग्रॅम तेल. तोच बाम डिसेंबरात नाशकात कडक लागेल, म्हणून एकच मोठा घाणा वर्षभर पुरवायचा नाद सोडा. खोबरेल तर 24 अंशांनाच थिजतं आणि वितळतं. ते थोडं असावं, पाया म्हणून नको.

गोठल्यावर बाम कसा होईल ते ओतण्याआधी कळतं. स्टीलची ताटली फ्रिजमध्ये ठेवा, मिश्रणाचा थेंब तिच्यावर टाका, दोन मिनिटांनी ताटली बाहेर घ्या आणि थेंब खोलीच्या तापमानाला आला की बोट फिरवा. बोटाला लगेच तेल लागलं तर चिमूटभर मेण, बोट घसरून काहीच लागलं नाही तर थोडं तेल. थेंब थंड असतानाच पाहिला तर तो नेहमी कडकच वाटतो आणि विनाकारण तेल वाढतं.

भिरंडेल वापरणाऱ्यांसाठी

कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाच्या बियांचं तेल मला या कामासाठी शियापेक्षा कितीतरी जास्त आवडतं. ते घट्ट आहे, ओठांवर चिकट राहत नाही आणि उन्हाळ्यात टिकतं. अडचण घरगुती भिरंडेलाची आहे. बिया कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेलं तेल काढून त्याचे गोळे करतात, त्यामुळे गोळ्यात पाण्याचा आणि चोथ्याचा अंश राहू शकतो. असा गोळा थेट बाममध्ये गेला की वाटीत फसफस होते, थंड झाल्यावर बारीक छिद्रं दिसतात आणि काही आठवड्यांत बुरशीचा ठिपकाही येऊ शकतो. गोळा आधी एकटाच मंद आचेवर वितळवा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा, दुहेरी मलमलीतून गाळा. मगच वजन करा.

बीटचा रस, मध, गुलाबपाणी

यातलं काहीही मेण-तेलात मिसळत नाही. जोरात फेटल्यावर मिसळल्यासारखं दिसतं, आणि दोन दिवसांनी तळाशी गुलाबी पाणी. खाद्यरंगाचंही तेच, तो पाण्यात विरघळणारा आहे. पाणी शिरलं की परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतो, आणि घरी तो योग्य मापाने घालणं सोपं नाही. इ जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली म्हणजे झालं असा समज आहे. ते जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना रोखत नाही. लिपस्टिकचा रंग पुरत नसेल आणि वनस्पतीचाच रंग हवा असेल तर रतनजोत घ्या, तिचा लालसर जांभळा रंग तेलात उतरतो. कोमट एरंडेलात मुरवून गाळा आणि आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा.

कुंकू, सिंदूर मात्र कधीही घालू नका. कपाळावर मेण लावून त्यावर कुंकू टेकवायची आपली जुनी रीत आहे, त्यामुळे मेणात कुंकू कालवणं निरुपद्रवी वाटतं. पण सिंदुरात शिशाचं संयुग असू शकतं, आणि ओठांवरचं बरंचसं पोटात जातं. आयशॅडोची भुकटीही नको. निळ्या-हिरव्या छटांतले काही रंग अमेरिकेत ओठांसाठी मान्यच नाहीत. हस्तकलेची चमकी आणि मेणाचे खडू यांचा तर विचारही करू नका.

रंग मळकट होतो

केशरी झाक असलेला लाल आणि निळसर झाक असलेला गुलाबी एकत्र केले की विटकरी तपकिरी होतो. काहींना तो हवा असतो, तेव्हा त्याला बिघाड म्हणू नका. नको असेल तर एका घाण्यात एकाच झाकेच्या लिपस्टिक घ्या. फिकट न्यूड छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड बरंच असतं, ती घातली की बाकीचा रंग खडूसारखा पांढुरका पडतो. सगळं वितळवण्याआधी प्रत्येकातला टाचणीच्या डोक्याएवढा भाग पांढऱ्या कागदावर बोटाने मिसळून पाहा. डबीतला रंग कधीच खरा समजू नका, तिथे थर जाड असतो.

ग्लॉसमध्ये रंग खाली बसतो

उरलेल्या लिपस्टिकचा बामऐवजी लिप ग्लॉस केला, तर ग्लॉस पातळ, रंगद्रव्य जड, त्यामुळे ते बसणारच. जितकं पातळ, तितकं लवकर. बदामतेलाऐवजी एरंडेल घ्या, ते मुळातच दाट आणि चमकदार आहे, आणि त्यात मेण 4 ते 5 टक्के घाला. 20 ग्रॅमला एक ग्रॅमही पुरतं. मग उकळत्या अवस्थेत नळीत ओतू नका. ढवळत ढवळत थंड करा, मधासारखं दाट झालं की सिरिंजने भरा. अभ्रकाची चमक असलेल्या लिपस्टिकला हे जास्तच लागू, नाहीतर तळाला चमक आणि वर नुसतं तेल. एवढं करूनही महिन्याभरात थोडा रंग खाली जातोच, नळी तळव्यांत फिरवून घ्यायची.

कोणती लिपस्टिक घ्यायचीच नाही

खवट वास येणारी. वितळवून, पेपरमिंट घालून तो वास झाकता येतो, तेल मात्र खवटच राहतं. ताप येऊन गेल्यावर ओठांवर फोड आले असताना वापरलेली. दुसऱ्या कुणाची. उघडून फार काळ झालेली: वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात 12 किंवा 24 असा आकडा असतो, तितके महिने उघडल्यापासून मोजायचे. उरलेल्यांचा वरचा थर खरवडून टाका, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून वाळू द्या. बाम गरम केला म्हणजे निर्जंतुक झाला असं समजू नका, तेलातली 75 अंशांची उष्णता त्यासाठी पुरेशी नाही.

घरच्यांसाठी, मैत्रिणीला भेट म्हणून केलेला बाम वेगळा आणि विकायचा बाम वेगळा. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर भारतात 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो, आणि वापरलेल्या लिपस्टिकपासून केलेला माल तर विकूच नये. भेट देतानाही त्या व्यक्तीला सांगा की यात वापरलेली लिपस्टिक आहे. तिच्यासाठी न उघडलेली, नको असलेली कांडी वितळवता आली तर सगळ्यात चांगलं.

डबीवर तारीख आणि प्रमाण लिहून चिकटवा. तीन-चार महिन्यांत संपेल एवढाच घाणा करा. बोट बुडवण्याऐवजी कापसाची काडी किंवा छोटा चमचा वापरा. वास बदलला किंवा कुठेही केसाळ ठिपका दिसला तर वरून खरवडून उरलेला बाम वापरू नका, अख्खी डबी टाकून द्या.